काकूंच्या फिल्मवरचा डाग

प्रिय बडबडे,

तुझी तीन पत्रं आली आणि माझं एकही नाही, म्हणून तू मला लाखोली वाहत असशील. वाहा. खरं कारण कळल्यावर तीही कमीच पडेल.

इकडे सीमेवरच्या आमच्या तपासणी केंद्रात नव्या कायद्याशिवाय दुसरा विषय नाही. येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे मी काढते, शहरातले डॉक्टर तो वाचतात, आणि क्षयाची शंका आली की माणसाला परत पाठवतात. आज निदान फेरतपासणी मागता येते. नव्या मसुद्यात तीही सोय नाही. एकदा डाग दिसला की दार कायमचं बंद. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आमच्या खोलीत काय काय चुकतं ते कोण सांगणार? आमच्या साहेबांनी तर निवेदन टाइप करून ठेवलंय, की या केंद्रात बारा वर्षांत एकही चूक झाली नाही. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या. माझं पेन चालत नाही असं मी म्हणाले, तर साहेबांनी स्वतःचं पुढे केलं.

गेल्या वर्षी काकू लेकीकडे, म्हणजे तुझ्याकडे, यायला निघाल्या, तेव्हा माझ्याच खोलीत आल्या होत्या. मास्क, टोपी, हातमोजे, एवढ्या सरंजामातही त्यांनी मला चालीवरून ओळखलं. म्हणाल्या, अगं घुमे, अजून पाय ओढतच चालतेस! मी रडले, त्याही रडल्या. बाहेर चाळीस माणसांची रांग, आणि मी त्यांचा हात धरून तुझ्या तान्ह्या लेकीच्या गप्पा मारत बसले. मग घाईघाईने त्यांना यंत्रासमोर उभं केलं, श्वास धरायला सांगितला आणि फिल्म पाठवून दिली. दोन दिवसांनी उत्तर आलं: उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग. काकूंना परत जावं लागलं. तू लिहिलंस, आईने आजार लपवला, माझ्या लेकीच्या जिवाशी खेळली, आता तिचं तोंड पाहणार नाही. त्या तिकडून, मला काही झालेलं नाही गं, असं कळवत राहिल्या. तू मानलं नाहीस आणि मीही मानलं नाही.

मसुद्याच्या कामासाठी जुन्या फिल्म काढल्या, तेव्हा काकूंची हाती लागली. डाग फुफ्फुसात थांबतच नव्हता, खांद्यावरून थेट मानेपर्यंत गेला होता. नीट पाहिलं तर तीन पदर, एकात एक गुंफलेले. ती त्यांची वेणी होती, बडबडे. केस वर बांधा, हे मी दिवसातून पन्नास बायकांना सांगते. काकूंना सांगायचं राहिलं, कारण त्या आपल्या होत्या.

हे मला एकोणीस दिवसांपासून ठाऊक आहे. नोकरी जाईल म्हणून तोंडाला कुलूप लावून बसले होते, आणि त्याची लाज मला त्या चुकीपेक्षा जास्त वाटते. काल साहेबांना चूक लेखी दिली. त्यांचं निवेदन सहीविना परत केलं. सोबत फेरतपासणीचा अर्ज आहे, माझा जबाब त्याला जोडलाय, पण सही त्यांच्या मुलीची, म्हणजे तुझीच लागते. एकोणतीस तारखेला मसुद्यावर मतदान आहे. त्याआधी अर्ज पोचला नाही, तर काकूंना नातीला कधीच जवळ घेता येणार नाही. माफी मागायला मला तोंड नाही. माझ्यावर सावकाश चीड, त्याला मुदत नाही. आज सही कर, आणि सहीच्याही आधी आईला फोन लाव. तिला सांग, तू खरं बोलत होतीस.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
घुमी