शेरीफ पडतो तेव्हा

बरबँक, ३ मार्च १९७५
देवाच्या कृपेने नोकरी लागली. खोली स्वच्छ आहे, खिडकीशी लिंबाचं झाड. काम सोपं: टीव्हीवरच्या विनोदी मालिकांना फितीवरचं हसू जोडायचं. ते हसू एकाच खेळातलं आहे. वीस वर्षांपूर्वी काउबॉयपटांची टर उडवणारा एक सिनेमा आला, त्याच्या पहिल्या खेळाला थिएटरात माइक टांगले होते. त्यातला शेरीफ घोड्यावरून पडतो आणि सरळ आपल्याकडे बघतो. तेव्हापासून टीव्हीवरचा प्रत्येक विनोदवीर पडला की तसंच बघतो, आणि मागे तेच हसू वाजतं.
व्हर्ना केपल इथल्या सगळ्यांत जुन्या. म्हणाल्या, "टटलसाहेब, पाद्र्याचा चेहरा घेऊन हसवायला आलात होय?" माझी मार्था गेल्यापासून मी हसलेलो नाही, हे त्यांना सांगितलं नाही.

११ मार्च
फीत एके ठिकाणी झिजली आहे. व्हर्नाबाईंनी बजावलं, ठिगळ जुन्या हसण्याचंच लावायचं, जित्या माणसाचं नाही. म्हणाल्या, फीत घेतलेलं परत देत नाही. दिलं तर बदल्यात दुसरं मागते. असल्या गोष्टी मानणं म्हणजे देवावर अविश्वास, असं मला वाटलं. दुपारी लिडिया, माझी एकुलती एक लेक, डबा घेऊन आली. तिला सिनेमा दाखवला. शेरीफ पडला तशी ती थेट आईसारखी हसली. मी माइक चालू ठेवला होता.

१९ मार्च
लिडियाच्या हसण्याचं ठिगळ लावलेला मालिकेचा भाग काल टीव्हीवर लागला. आज नाश्त्याला लिडियाने हसायला तोंड उघडलं, आवाज नाही. मग हळूच म्हणाली, "बाबा, हसू येतंय, पण बाहेर निघत नाही."

२२ मार्च
आता बोलणंही गेलं. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. पाटीवर लिहिते. ठिगळ कापून जाळलं. फीत लावली — तुकडा जागच्या जागी. तीच हसते आहे. हसता हसता थांबते, बाबा म्हणते.

२३ मार्च, झावळ्यांचा रविवार
चर्चमध्ये गेलो, प्रार्थना सुचली नाही. व्हर्नाबाई म्हणतात, लेकीचा आवाज परत हवा तर बदल्यात फितीला तुमचं हसू चालेल. पण खरं हवं. खोटं फीत घेत नाही.

२४ मार्च
माइक चालू. सिनेमा लावला. शेरीफ चार वेळा पडला. मी कोरडा. मार्थेचे विनोद आठवले — रडूच आलं.
लिडिया दारात. पाटीवर — नको बाबा.
पाचव्यांदा. पडला. माझ्याकडेच बघतोय. टोपी तशीच डोक्यावर. किती दमलाय बिचारा — वीस वर्षं पडतोय, उठतोय — अगदी माझ्यासार— देवा, मला हसू ये