कागदावरची अध्यक्ष

सोमवार, ३ जून

घ्या! मी म्हणे अध्यक्ष. लैंगिक छळ तक्रार समितीची. दोन वर्षांपासून! नाव नोटीस बोर्डावर, आणि मला आज कळतंय. मॅनेजर म्हणाले, "सही तुमचीच आहे की." असेल. आवक-जावकच्या टेबलावर सत्तावीस वर्षं सह्याच तर करतेय. वर म्हणतात, "कागदावरच असते हो समिती. आपल्या रंगाच्या कारखान्यात कुठे असलं काही होतं?"

बुधवार, ५ जून

झालं! रंग-जुळवणीतली मुलगी आली, चार पानी अर्ज घेऊन. विभागप्रमुखाविरुद्ध. ज्याला सगळे 'भाऊ' म्हणतात, तो! नमुना बघायच्या निमित्ताने मागून खेटतो, कमरेला हात लावतो. तिने हात झटकला, तेव्हापासून रोज तिच्या कामात खोट काढतो. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने सगळं पाहिलंय. तिचंही नाव अर्जात आहे.

"बाई, तिचं नाव बाहेर जाणार नाही ना? घर तिच्या एकटीवर आहे."

"बिनघोर राहा," म्हटलं.

गुरुवार, ६ जून

डोकं उठलंय. मॅनेजर: "दोघांना चहा पाजा, मिटवून टाका." घरी आमचे हे: "नसती उठाठेव कुणी सांगितली होती?" अरे, मी मागितलं होतं का हे अध्यक्षपद!

जेवणाच्या सुट्टीत कायद्याचं पुस्तक उघडलं. यात तर सगळं लिहिलंय! समेटाची सक्ती करायची नाही. तक्रार केली म्हणून कुणाला त्रास द्यायचा नाही. साक्षीदाराचं नाव गुप्त ठेवायचं. समितीत एक बाहेरची वकीलबाई हवी. आमच्याही यादीत आहे, पण तिला कुणी कधी कळवलंच नाही! मीच फोन केला.

सोमवार, १० जून

भाऊने त्या साक्षीदार मैत्रिणीला गोदामात टाकलं. आता ती म्हणते, "मी काही पाहिलंच नाही." मुलगी रडली नाही. सरळ म्हणाली, "बाई, मग मीही अर्ज मागे घेते."

नाव फुटलं कुठून? मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरून ताडताड बोलले. शपथा घेत होता, खोटारडा! कागद पोचवणाऱ्या शिपायालाही झापलं.

मंगळवार, ११ जून

शिपायाला पुराव्यानिशी पकडायचं म्हणून जावक रजिस्टर काढलं. पाच तारखेची नोंद. 'अर्जाची प्रत — विभागप्रमुख.'

अक्षर माझं.

आलेल्या कागदाची प्रत त्या विभागाच्या प्रमुखाला धाडायची, ही इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप चालला. मूर्ख! मूर्ख बाई! गप्प बसले तर कुणाला कळायचंही नाही. रजिस्टर माझ्याच कपाटात असतं.

बुधवार, १२ जून

सकाळीच वकीलबाईंसमोर तक्रार लिहायला घेतली, रजिस्टरच्या पानाची प्रत जोडून. साक्षीदार फोडला गेला, चौकशी नव्याने करा, नव्या अध्यक्षाखाली. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "नोकरीवर येईल हे. कळतंय ना?"

तक्रारदाराच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. 'कोणाविरुद्ध', तिथेही माझंच.