बशीतला चहा

माय, आज बालवाडीत एका पोरानं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला आणि मला तुझा राग आला. निवृत्त होऊनही मी तिथं जाऊन बसते, सवय सुटत नाही. त्याच्या आईला विचारलं, सकाळी काय खाऊन आला? ती कौतुकानं म्हणाली, "चहा-टोस्ट. दुसरं काही खातच नाही वो बाई." मी तिला चांगलं फैलावर घेतलं. ती बिचारी मान खाली घालून गेली, आणि मी घरी येऊन अजून तुझ्याशी भांडतेच आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी.

आपल्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी धाकटा झाला. तू यवतमाळात कचेरीतल्या एका बाबूंचं अंगण झाडायला जायचीस. मी नऊ वर्षांची, तो दीड वर्षाचा, माझ्या कडेवर. मी त्याला ज्वारीची आंबील भरवायला बसले की तू वाडगं हिसकावून घ्यायचीस. "आंबील कायले पाजतं? बाबूच्या लेकराईले पाह्यलं का कधी आंबील पेताना? चहा पेतात थे. अन् वाचतात कसे फडाफडा! माह्यं पोरगं बी शिकीन." मग बशीत गुळाचा कोरा चहा. तो भुरके मारत प्यायचा, त्याची भूक मरायची, आणि तू म्हणायचीस, पाहा, कसं गुमान झालं.

अगं, पण तू पाहिलंस काय? ओट्यावरचा चहा तेवढा. दूध, तूप-भात सगळं आत व्हायचं, आणि आत तुला पाऊल टाकू देत नव्हते. अंगणातून दिसलं तेवढ्यावर तू आपल्या लेकराचं खाणं ठरवलंस! मला आजही संताप येतो. त्यांचा येतो आणि तुझाही येतो. एकदा तरी विचारायचं होतंस, बाई, तुमची लेकरं जेवतात काय?

सहाव्या वर्षी तो शाळेत गेला. पाट्या फोडल्या, पोरांना चावला, पाच मिनिटं एका जागी टिकेना. मास्तरांनी तुला बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर नाव काटीन. त्यानं शिकावं यापलीकडे तुला जगाकडून काही नको होतं. घरी येऊन तू त्याला आधी मारलंस, मग स्वतःच रडलीस. दुसऱ्या दिवशी आपण तिघं दवाखान्यात. नर्सबाईंनी त्याची पापणी ओढून पाहिली. "रक्तच नाही याच्या अंगात. दूध सुटल्यावर काय खाऊ घालत होता? असं लेकरू चिडचिड नाही करणार तर काय करणार?" तू बाकावर बसलीस. "माह्यंच चुकलं, बाई. मीच चहा पाजला."

त्यानंतर तू आंबीलही केलीस, मुगाचं कढणही केलंस. पण तिसरीत त्यानं शाळा सोडली ती सोडलीच. नोकऱ्याही तशाच भांडून सोडल्या. सगळं चहानंच झालं असं मी कुणाला सांगत नाही, नर्सबाईही तसं म्हणाल्या नव्हत्या. तू मात्र तेच धरून बसलीस. शेवटच्या दुखण्यात मी कप पुढे केला तरी तोंड फिरवायचीस. किती हट्टी असावं माणसानं!

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. कामाला जाताना तू शिंक्यात वाटीभर घट्ट तुरीचं वरण ठेवायचीस. "दुपारी त्याले चारजो," म्हणायचीस. ती वाटी मी खायचे. रोज नाही, पण बहुतेक दिवस. मलाही भूक लागायची, माय. तो रडला की बशीत चहा ओतायचे, तू दाखवला होतास तसा. दवाखान्यात तू "मीच" म्हणालीस तेव्हा मी तुझ्या पदराचं टोक धरून गप्प उभी होते. पुढंही इतक्या वर्षांत बोलले नाही.

धाकटा परवा जेवायला आला होता. मी वरण वाढलं, पुन्हा वाढलं, तो नको म्हणत असताना तिसऱ्यांदा वाढलं. "बस वो ताई, किती चारतं?" म्हणाला. त्यालाही मी सांगितलं नाही.