बिकॉजच्या पुढे

दि. ९, रविवार

चि. बाळ यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण मीही कुरकुरतोच, त्यामुळे आमचं जमतं. तुझा खोकला गेला का? गार पाणी पिऊ नकोस. उत्तराला उशीर झाला, कारण घरात परीक्षा होती.

परीक्षा सूनबाईची, तुझ्या बायकोची. मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून लागायचं तर इंग्रजीत पास व्हावं लागतं. संध्याकाळी ती भाजी चिरायची आणि मी पुस्तक धरून शब्द विचारायचो. माझं इंग्रजी कारखान्यातल्या यंत्रांवरच्या पाट्या वाचून जमलेलं. पण ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच विचारा. तुम्हाला कळलं तर परीक्षकाला कळेलच." टोमणाच होता, पण मला आवडला.

नुसता अर्थ सांगून गुण मिळत नाहीत. आपलं वाक्य करायचं, आणि ज्याला शब्द ठाऊक नाही त्यालाही तो वाक्यावरून कळला पाहिजे. एकदा 'रिलायबल' आला. म्हणजे भरवशाचा. मी म्हटलं, थांब, हे मी करतो. "माय सन इज रिलायबल."

तिची सुरी थांबली. म्हणाली, "याला अर्धाच गुण, बाबा. पुढे बिकॉज लावा. का, ते यायला हवं."

बिकॉज लावलं. पुढचं सुचेना. इंग्रजीत सुचेना म्हणून मराठीत शोधलं. तिने घाई केली नाही. भाजी फोडणीला पडली, तरी मी बिकॉजवरच. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे. दुसरा शब्द घेऊ."

तू मनाला लावून घेऊ नकोस. घर सोडून जाताना 'लवकर परततो' म्हणाला होतास, ते मी काढत नाही.

परीक्षेला मी सोबत गेलो. पेनं, छत्री, औषधाची गोळी, सगळं तिच्या पिशवीत कोंबलं. "बाबा, परीक्षेला चाललेय, लढाईला नाही! इथेच बसा, मी येते." बाकावर बसून माझा जीव टांगणीला. वर्ग रिकामा झाला, तरी ही दिसेना. मग दाराशी दिसली. उठायच्या आतच माझं वाक्य तयार होतं: माय डॉटर-इन-लॉ इज रिलायबल, बिकॉज शी सेड आय विल कम, अँड शी केम.

"पूर्ण गुण," म्हणाली, आणि छत्री उघडायला लागली. पाऊस नव्हता.

ती पास झाली. नोकरी लागली, इस्पितळाजवळ दोन खोल्याही मिळाल्या.

तू लिहितोस, 'तिचं ती पाहील, तुम्ही माझ्या नव्या घरी या.' बोलावलंस, बरं वाटलं. पण मी तिच्याबरोबर जातोय. तिने विचारलं नाही, मीच सांगितलं. घाबरट माणूस मी, पण या वेळी पहिली पिशवी माझीच भरून झाली.

नवा पत्ता मागे लिहिलाय. पत्र टाकशील तेव्हा वर तिचं नाव घाल, माझं त्याखाली. दारावर पाटी तिची आहे.

तुझा, आणि तिचाही,
बाबा