दुबई–मुंबई तीन तास

१२ मे १९८२, महाड
पहाटे शेजारच्या हमीदाचाची गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. एकुलता मुलगा यूसुफ दुबईत बांधकामावर. माझाच विद्यार्थी, भूगोलात कायम काठावर पास. पोस्ट उघडताच त्याला तार केली.

जमातीचं म्हणणं, आज अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर दफन. तेवढ्यात चाचींचे नवरे करीमचाचा माझ्याकडे आले. विमानाला किती वेळ लागतो? मी शाळेचा ॲटलास काढला. दोरा लावून मोजलं. एकोणीसशे कि.मी. ताशी आठशे, म्हणजे चढउतार धरून तीन तास. पुढे एस.टी.चे सहा. उद्या दुपारपर्यंत नक्की येईल, असं छातीठोक सांगितलं.

"आमच्यात मय्यत ठेवत नाय, गुरुजी. पन तुमी सांगताव म्हंजे येल तो."

१३ मे
मासळीबाजारातून बर्फ आणला. ऊन मरणाचं. सकाळपासून मुंबईची प्रत्येक गाडी बघितली. स्टँडवर मीच उभा. दुपारनंतर लोबान जाळूनही खोलीत बसवेना. मौलवींनी चाचांना चारचौघांत सुनावलं. चाचा खाली मान घालून उभे.
संध्याकाळी दफन. यूसुफशिवायच. खांदा दिला, पण कोणाच्या नजरेला नजर देववेना.

१४ मे
तार आली. पासपोर्ट मालकाकडे, मालक बाहेरगावी, मिळताच निघतो.
तिकडे पासपोर्ट मालक ठेवून घेतो, हे महाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. चाचांनाही असणारच. पण मास्तराने पुस्तक उघडलं की ही माणसं स्वतःचं शहाणपण बाजूला ठेवतात. आणि मास्तर अंतर मोजत बसला. माणूस निघणार कसा, हे विचारलंच नाही. लाज वाटते.

१८ मे
यूसुफ आला. आधी कबरीवर गेला. तिथेच कोणीतरी बर्फाचं सांगितलं असावं. घरात पाऊल टाकताच बापाला म्हणाला, "आईला दीड दिस ठेवलीत? कोन बोलला तुमाला?"
चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोन नाय रे. माजीच अक्कल."
मी दाराशीच होतो. तिथूनच मागे फिरलो.

२१ मे
बाप-लेक बोलत नाहीत. यूसुफ जेवायला बिरवाडीला मावशीकडे जातो. चाचा दोन वेळा चूल पेटवतात. भात तसाच राहतो. बायको म्हणाली, तुम्ही सांगून टाका. सांगतो म्हटलं.

२४ मे
यूसुफची रजा संपली, उद्या जाणार. आज सांगायचंच म्हणून गेलो. यूसुफने खुर्ची दिली, चहा केला. गुरुजी, तुमच्यामुळे चार अक्षरं वाचता येतात, म्हणाला. बापाला मात्र माफ करणार नाही, हेही म्हणाला. चाचा ओटीवर बसलेले, सगळं ऐकत.

मी चहा संपवला, तब्येतीला जप म्हटलं आणि उठलो.
त्याची गाडी सकाळी सहाला.