त्यांचा निरोप माझ्या फोनवर

१२ सप्टेंबर

समोर काचेचा दरवाजा बसला. जावईबापूंच्या ऑफिसला! आता माझ्या खिडकीतून आतलं सगळं दिसतं – तो, त्याचं गोल टेबल, दाराशी कॉम्प्युटरपुढे बसलेली माझी लेक. आणि खुर्च्यांवर ओळीने बसलेली माझीच गिऱ्हाइकं. काच पुसून इतकी लख्ख केलीय की औषधांच्या दुकानवाला आज तिच्यावर नाक आपटून गेला. बरं झालं.

हा टॅक्सचं काम माझ्याकडे शिकला. पहिला फॉर्म भरताना जन्मतारखेच्या जागी त्याच दिवसाची तारीख घातली होती पठ्ठ्याने – म्हणजे गिऱ्हाईक जन्मल्या जन्मल्या रिटर्न भरायला हजर! तेव्हा पोट धरून हसले आणि शेजारी बसवून शिकवलं. मला तरी कुणी शिकवलं होतं? टायपिस्ट म्हणून लागले, दुसऱ्यांचे फॉर्म टाइप करता करता कायदा हातात मुरला. ते सगळं ह्याच्या ओंजळीत ओतलं. लेकही दिली. आणि एक दिवस म्हणतो, 'आई, आपण आता वेगवेगळं काम करूया.' आपण म्हणे!

वेगळं व्हायला माझी ना नव्हती. पण गिऱ्हाइकांना काय सांगितलं – 'आईंना आता आकडे नीट दिसत नाहीत.' औषधवाल्याने मला जसंच्या तसं ऐकवलं, वर चवीला थोडं हसूनही दाखवलं. माझे डोळे! अजून सुईत दोरा ओवते मी. हे काही मी पोटात घालणार नाही. उट्टं काढीन तेव्हाच बरं वाटेल.

१५ सप्टेंबर

दिवसभरात एकच गिऱ्हाईक. फोटोग्राफर. लग्नातला सूट धंद्याच्या खर्चात दाखवता येईल का, विचारत होता. कुणाच्या लग्नातला, म्हटलं. तर स्वतःच्या! माझे खर्च तिथूनच सुरू झाले की हो, म्हणाला. हसले. बऱ्याच दिवसांनी.

तो गेल्यावर प्रिंटरने कागद गिळला. ओढून काढला, तर फाटला. समोर मात्र प्रिंटर नुसता सुळसुळतो. ऐकू येत नाही, पण मला कळतं.

१९ सप्टेंबर

देव आहे!

कर खात्याचा मेसेज आला माझ्या फोनवर. वाचला, पुन्हा वाचला. नाव शिवणवाल्या बाईचं. कोपऱ्यावर शाळेचे गणवेश शिवते ती. वर्षानुवर्षं माझ्याकडे यायची, यंदा समोर गेली. तिच्या रिटर्नमध्ये चूक आहे, ४ ऑक्टोबरपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर रिटर्न भरलंच नाही असं धरू – असा मजकूर.

मला कसा आला? तर आमच्या धंद्याची रीतच तशी. गिऱ्हाइकं मेसेज वाचत नाहीत, वाचले तर घाबरून पुसून टाकतात. म्हणून फॉर्मवर संपर्काला आम्ही आमचाच नंबर घालतो. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं की त्या माणसाने सगळ्यात आधी तो नंबर बदलायचा. ह्याने काय केलं? माझा गेल्या वर्षीचा फॉर्म जसाच्या तसा पुढे ओढला, आकडे बदलले, आणि नंबर माझाच राहू दिला! रिटर्न भरताना लागणारा कोड गिऱ्हाइकाच्या बँकेतून मिळतो, ह्या नंबरवर येत नाही, म्हणून ह्याला पत्ताच नाही.

म्हणजे समोर गेलेल्या सगळ्यांच्या नोटिसा माझ्याकडे येणार. आणि काचेआड बसलेल्या शहाण्याला कळणारसुद्धा नाही.

मला काहीही करायचं नाही. काही म्हणजे काही नाही! मूग गिळून बसायचं फक्त.

२० सप्टेंबर

छान झोप लागली.

२६ सप्टेंबर

लेक जेवायला आली. भाजीत मीठ कमी आहे म्हणाली, मी मुद्दाम वाढवलं नाही. ऑफिसात काम खूप आहे, दोघांना पुरत नाही, असं सांगत होती. वाळलीय. कोपरं टोकदार दिसतात.

तो रोज तुझं नाव काढतो, म्हणाली. म्हटलं, 'कशासाठी गं? डोळ्यांसाठी?'

घास तसाच धरून बसली. मग ताट स्वतःच उचललं, घासलं आणि गेली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तिने तरी तेव्हा माझी बाजू घेतली होती का? नवऱ्याने आईला आंधळी ठरवलं आणि ही खालमानेने फायली बांधत होती. माझ्याच सुतळीने.

१ ऑक्टोबर

पुन्हा तोच मेसेज. आठवण म्हणून. खात्याला भारी काळजी!

संध्याकाळी शिवणवाली स्वतःच दारात. माझ्या पडद्याची शिवण उसवलेली तिला रस्त्यावरून दिसली म्हणे, द्या मावशी, घालून देते. पैसे घेणार नाही म्हणाली. समोर गेल्यापासून माझ्या नजरेला नजर देत नाही बिचारी, त्याची ही भरपाई. बोलता बोलता सांगितलं – दुसरं मशीन घ्यायचंय. बँकेने कर्जासाठी कागद घेतलेत. मशीन आलं की धाकट्या बहिणीला हाताशी घेईल. तिच्या नवऱ्याने तिला घराबाहेर काढलंय, ती आता हिच्याकडेच आहे, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. 'हाताला काम लागलं की बोलायला लागेल, मावशी.'

फोन टेबलावर पालथा होता. मी त्याच्यावर हात ठेवला. सांगायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात समोर दिवे लागले, काच उजळली. जावईबापू खुर्चीत मागे रेलून कुणाशी तरी हसत होते. माझ्या न्हाव्याशी! त्याच्या पावत्यांतून पडलेले केस मी इतकी वर्षं झाडून काढले, तो आता तिथे पाय पसरून बसलाय.

तोंड मिटलं. पडदा दिला.

चूक दुरुस्त करायला किती वेळ लागतो? चहा निवेपर्यंत होईल. पण ती माझी चूक नाही. ज्याने काम घेतलं त्याने बघावं.

४ ऑक्टोबर

खिडकी लावून बसले. शेजारीण म्हणाली, एवढं उकडतंय आणि खिडकी का लावलीय? धूळ येते म्हटलं.

फोन दोनदा हातात घेतला. ठेवला.

मुदत संपली.

५ ऑक्टोबर

पडदा शिवून आला. टाका बारीक, सरळ. अडकवला नाही अजून.

११ ऑक्टोबर

जिरली! आज जिरली त्याची!

सकाळी शिवणवाली आली, चेहरा पांढराफटक. बँकेने कर्ज नाकारलं. साहेब म्हणाले, तुमचं यंदाचं रिटर्न रद्द आहे. ती आधी माझ्याकडे आली. समोर एवढी माणसं बसलेली असतात, विचारायची लाज वाटते म्हणे. मी पायात चपला सरकवल्या. चल, म्हटलं, मी विचारते.

काचेचं दार ढकलून आत गेलो. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, औषधवालाही होता. ह्याहून चांगला मुहूर्त मागून मिळाला नसता. जावई उठून उभा राहिला, 'या आई' म्हणाला. बसायला आले नाही, म्हटलं, हिचं रिटर्न काढा.

काढलं. खात्याची नोटीसही निघाली. तो वाचत गेला आणि त्याचे कान लाल होत गेले. शिवणवालीने हळूच विचारलं, मला कसा काही निरोप आला नाही? त्याने संपर्काचा नंबर मोठ्याने वाचायला घेतला. पहिले आकडे वाचले आणि थांबला. नंबर त्याला पाठ आहे, नसणार कसा? माझ्याकडे पाहिलं. मग दाराशी बसलेल्या लेकीकडे. ती अर्धवट उठली होती. त्याने हातानेच तिला बस म्हणून खुणावलं.

'चूक माझी आहे,' म्हणाला. 'जुना फॉर्म पुढे ओढला, नंबर बदलायचा राहिला.'

'मग मेसेज गेला कुणाला?' शिवणवाली.

'कुणालाच नाही. तो नंबर बंद आहे.'

बंद म्हणे! स्वतःची आणखी शोभा होऊ नये म्हणून म्हणाला असेल. मला काय, बरंच झालं. पण मी सोडलं नाही. किती दिवस घोळवून ठेवलेलं वाक्य होतं!

'पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, जावईबापू. गिऱ्हाईक आलं की आधी नंबर बदलायचा. का तुम्हाला हल्ली आकडे नीट दिसत नाहीत?'

कुणीतरी फिस्सकन हसलं. तो मान खाली घालून म्हणाला, 'नाही दिसलं, आई.'

रस्ता ओलांडून परत आले ते पाय जमिनीला लागत नव्हते.

१३ ऑक्टोबर

न्हावी परत आला. पावत्या, केस, सगळं घेऊन! औषधवालाही आला. तिथे काही खरं नाही म्हणाला. परवापर्यंत काच चाटत होता. तरी चहा पाजला त्याला.

शिवणवालीचा उशीर माफ करा म्हणून अर्ज लिहून दिला. फी घेतली नाही. तिने माझे दोन्ही हात धरले, तुम्हीच खऱ्या म्हणाली. अर्ज मंजूर होईलही, वेळ लागेल. बँक पुढच्या वर्षी या म्हणते. बहीण अजून बोलत नाही म्हणे. तो विषय मी वाढवला नाही.

समोर आज खुर्च्या रिकाम्या. जावई एकटाच काच पुसत होता.

१४ ऑक्टोबर

लेकीचा फोन. नंबर त्याच्याकडून राहिलाच नव्हता. फॉर्मचं पहिलं पान ती भरते, तिनेच तो मुद्दाम ठेवला होता – सगळ्यांच्या फॉर्मवर, त्याला न सांगता. 'आमच्या हातून काही निसटलं तरी तू निसटू देणार नाहीस, म्हणून गं. त्या दिवशी तिथे उभं राहून त्याने सगळं स्वतःवर घेतलं.' रडत होती. मग थांबली आणि विचारलं, 'आई, तुला मेसेज आलाच नव्हता ना?'

नाही आला, म्हणाले.