मागून घेतलेलं दुखणं

मालवण, सोमवार, २३ नोव्हेंबर १९५९

आज आडाळ्यावर बसून अख्खा नारळ खवला. मी! संधिवाताने धरल्यापासून या हातांनी साधी वेणीसुद्धा घातली नव्हती. डॉक्टरांच्या नव्या गोळ्यांनी आठवड्यात बोटं मोकळी केली. "एकाएकी बंद करू नका, ताप आला तर लगेच या. दुखणं दबलंय, गेलेलं नाही," असं त्यांनी बजावलंय. दबून बसलंय तरी कुठे?

तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लावताना सासूबाईंच्या हातून काडी निसटली. बोट वळेना. विचारलं, तर चक्क हसल्या.

"देवीन माझा ऐकल्यान गो. देवळात गाऱ्हाणा घातलंय, ह्या पोरीचा दुखणा माका दी म्हणान."

त्यांचा हात दिव्याजवळ धरून पाहिला. उजव्या हाताची तर्जनी, मधला सांधा सुजलेला, गरम. माझंही तिथूनच सुरू झालं होतं. वयामुळे असेल. थंडीमुळे असेल. मी शिकलेली आहे, असल्या गोष्टी मानत नाही. पण तेच बोट का?

म्हटलं, "आई, उद्या डॉक्टरांकडे जाऊया. तुम्हालाही गोळ्या देतील."

त्यांनी हात ओढून घेतला. "नको गो! माझा बरा झाला, तर ता परत तुझ्याकडे येतला."

मी पुन्हा आग्रह केला नाही. का केला नाही?

ती तर्जनी... माझी आता छान वळते. लेखणी तिनेच धरली आहे.